मराठीतून स्पॅनिश शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नवशिक्यांना स्पॅनिश शिकवते. पहिल्या महिनाभरात प्रत्येक बॅचमध्ये तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. स्पॅनिश शब्द मुद्दाम देवनागरीत दिलेत, कारण रोमन अक्षरं दिसली की आपली जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते. स्पेलिंग शब्दकोशातून वहीत उतरवून घ्या.

माझं इंग्रजी बेताचंच आहे. आधी ते पक्कं करू का?

नको. इंग्रजी उत्तम असलेली मुलं ज्या धड्याला अडखळतात, तो मराठी माध्यमातली मुलं कधीकधी पाच मिनिटांत संपवतात. उदाहरण 'आवडणे'चं. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत 'गुस्तार' या क्रियापदावर अख्खं प्रकरण असतं, कारण इंग्रजीत 'मी आंबा आवडतो' अशी रचना असते आणि स्पॅनिशमध्ये ती उलटी होते. आपल्याला ती उलटी वाटतच नाही:

मे गुस्ता एल मांगो. (मला आंबा आवडतो.)
मे गुस्तान लोस मांगोस. (मला आंबे आवडतात.)

'मे' म्हणजे मला. आंबा एकाचे दोन झाले की आवडतो-चं आवडतात होतं, तसंच गुस्ता-चं गुस्तान. कर्ता आंबा आहे, मी नाही. संपला धडा.

दुसरं उदाहरण माझं लाडकं आहे. 'बेओ ला मेसा' म्हणजे मी टेबल बघते. 'बेओ आ मी एर्माना' म्हणजे मी माझ्या बहिणीला बघते. मधे तो 'आ' कुठून आला, यावर इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं लिहितात. तो आपला 'ला' आहे. टेबलाला लागत नाही, बहिणीला लागतो. आपणही 'टेबलाला बघते' म्हणत नाही.

शिवाय 'मी' दर वेळी म्हणावा लागत नाही. 'कुठे चाललास?' 'बाजारात चाललोय.' स्पॅनिशमध्येही असंच, क्रियापदाच्या शेपटावरून माणूस कळतो: आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्लामोस (आम्ही बोलतो). आम्ही आणि आपण हा फरक मात्र त्यांच्याकडे नाही. दोन्हीला 'नोसोत्रोस'.

उच्चार अवघड आहेत का?

मराठी तोंडाला फारसे नाहीत. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दातांवरचा आहे. ताको म्हणायचं, टॅको नाही. दोस म्हणायचं, डोस नाही. क, प, त यांच्यामागे इंग्रजीसारखा हवेचा झोत सोडायचा नाही, आणि तो आपण सोडतच नाही. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. शब्दात कुठेही आले तरी तेच राहतात.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या. एच हे अक्षर मुकं आहे, म्हणून 'ओला' (नमस्कार), होला नाही. जे या अक्षराचा उच्चार घसा खरवडून काढलेल्या ख किंवा ह-सारखा. बी आणि व्ही या दोघांचा उच्चार एकच, ब-कडे झुकणारा. एकेरी र आपलाच, पण दुहेरी र जिभेचं टोक थरथरवून काढावा लागतो: 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. जमत नसेल तर 'कर्रकन', 'भुर्रकन' असे शब्द म्हणत बसा, मग पेर्रो म्हणा. हसू नका, मी असंच शिकले.

आणि एन-वरची ती लाटेसारखी रेघ. तिचा उच्चार ञ. ती विसरू नका. 'तेंगो त्रेइन्ता आञोस' म्हणजे मी तीस वर्षांची आहे. रेघ विसरून 'आनोस' लिहिलंत तर मला तीस गुदद्वारं आहेत असा अर्थ होतो. माझ्या पहिल्या औपचारिक ईमेलमध्ये मी हेच लिहिलं होतं. समोरच्या बाईंनी उत्तरात तो शब्द रेघेसकट तीनदा वापरला, पण माझ्या चुकीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मराठीत तीन लिंगं, स्पॅनिशमध्ये दोन. मग हे सोपंच ना?

पुल्लिंगी-स्त्रीलिंगी शब्द आणि त्यानुसार बदलणारी विशेषणं यांची आपल्याला सवय आहेच. चांगला-चांगली तसं बुएनो-बुएना. घोळ होतो आपल्या नपुंसकलिंगी शब्दांपाशी. घर, दार, दूध, पुस्तक, झाड हे सगळं आपल्याकडे 'ते'. त्यांच्याकडे घर (कासा), दार (पुएर्ता) आणि दूध (लेचे) स्त्रीलिंगी, तर पुस्तक (लिब्रो) आणि झाड (आर्बोल) पुल्लिंगी. अंदाज बांधायला जागाच नाही. म्हणून शब्द कधी एकटा लिहू नका, आधी 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) हे उपपद लावूनच लिहा.

साधारणपणे ओ-ने संपणारे पुल्लिंगी, आ-ने संपणारे स्त्रीलिंगी. अपवाद पहिल्या आठवड्यातच भेटतात: ला मानो (हात), एल दिआ (दिवस), एल मापा (नकाशा). ग्रीकमधून आलेले मा-ने संपणारे बरेच शब्द पुल्लिंगी असतात: एल प्रोब्लेमा, एल सिस्तेमा, एल इदिओमा. पाणी, म्हणजे 'आग्वा', स्त्रीलिंगी आहे, पण सुरुवातीच्या आ-वर आघात असल्यामुळे 'ला आग्वा' म्हणताना दोन आ एकमेकांवर आपटतात. म्हणून 'एल आग्वा', पण विशेषण मात्र स्त्रीलिंगी: एल आग्वा फ्रिआ, थंड पाणी.

एक दिलासा आहे. क्रियापदाला लिंग नाही. जातो-जाते दोन्हीला 'बोय'. पण मी दमलोय म्हणताना पुरुष 'एस्तोय कान्सादो' म्हणेल आणि बाई 'एस्तोय कान्सादा'.

एल, ला, उन, उना ही शब्दाआधी येणारी उपपदं मराठीत नाहीत, त्यामुळे ती गळतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त लाल शाई इथेच सांडते, आणि यावर वाचत राहण्याखेरीज मला तरी उपाय सापडलेला नाही.

'सेर' आणि 'एस्तार' यांतला फरक डोक्यात शिरतच नाही.

दोन्हीचं मराठी 'असणे', म्हणून गोंधळ. 'कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार' हा नियम सर्रास सांगतात. तो सोडून द्या. मेलेला माणूस 'एस्ता मुएर्तो', म्हणजे एस्तार. मरणाहून कायमचं काय असतं? उलट 'आता दोन वाजलेत' हे घटकाभराचं, तरी त्याला सेर.

मी 'लेला' लावून बघायला सांगते. वाक्य 'लेला-लेली-लेलं' लावून नीट बसत असेल तर बहुधा एस्तार. बसलेला, दमलेला, मेलेला, रागावलेला, मोडलेलं, उघडलेलं: सगळीकडे एस्तार. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे. 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे. 'एस लिस्तो' हुशार, 'एस्ता लिस्तो' तयार झालेला.

दुसरं, 'कुठे आहे?' याचं उत्तर एस्तारने द्यायचं. माद्रिद स्पेनमध्ये आहे, किल्ल्या खिशात आहेत, दोन्ही एस्तार. फक्त कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर येतं: ला फिएस्ता एस एन मी कासा, पार्टी माझ्या घरी आहे. कोण, कुठला, काय करतो, कशाचं बनलंय, किती वाजले, याला सेर. एवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात.

भूतकाळ दोन का आहेत?

आपल्याकडेही आहेत, फक्त शाळेत आपण त्यांच्याकडे असं बघत नाही.

आयेर फुइ आ ला प्लाया. (काल मी समुद्रावर गेले.)
दे निञा इबा आ ला प्लाया. (लहानपणी मी समुद्रावर जायचे.)

गेले म्हणजे फुइ, जायचे म्हणजे इबा. 'जात होते' यालाही बहुतेक वेळा इबा चालतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला एकाच साध्या भूतकाळातून दोन वेगळे काढावे लागतात. तुम्ही मनातल्या मनात मराठी वाक्य म्हटलंत की निवड झालेलीच असते. पुढे 'तू यावंस असं मला वाटतं' या धाटणीची वाक्यं येतील तेव्हाही तो 'यावंस' उपयोगी पडेल: किएरो के बेंगास. पण ते नंतर, आत्ता घाबरून घेऊ नका.

तू आणि तुम्ही?

तू म्हणजे चक्क 'तू'. आदरार्थी 'उस्तेद'. त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी चालतं, जसं 'आपण बसावं'. स्पेनमध्ये लोक पटकन तू-वर येतात, दुकानदारसुद्धा. कोलंबियाच्या काही भागांत मात्र मित्रमित्र, नवराबायकोदेखील एकमेकांना उस्तेद म्हणतात. अर्जेंटिनात तू नाहीच, तिथे 'बोस'. अनेकवचनात स्पेनमध्ये मित्रांना 'बोसोत्रोस', लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना 'उस्तेदेस'. अनोळखी वडीलधाऱ्यांशी उस्तेदने सुरुवात करा. त्यांनी 'तू म्हण' सांगितलं तर ऐका, कारण नंतरही अडून बसलात तर त्यांना ते परकेपणाचं वाटतं.

वार, आकडे आणि घड्याळ पाठ कसे करू?

वार पाठ करायचेच नाहीत, कारण ग्रह तेच आहेत. लुनेस लुनावरून, म्हणजे चंद्रावरून: सोमवार. मार्तेस मंगळ. मिएर्कोलेस बुध. खुएबेस गुरू. बिएर्नेस शुक्र. राहिले साबादो आणि दोमिंगो, त्यांत ग्रह नाहीत.

आकड्यांचं म्हणाल तर ज्याने लहानपणी एकोणऐंशी आणि एकोणनव्वद पाठ केलेत त्याने कुठल्याच भाषेच्या आकड्यांना भ्यायचं कारण नाही. तिसाच्या पुढे सरळ 'तीस आणि एक', 'तीस आणि दोन' असं आहे: त्रेइन्ता इ उनो, त्रेइन्ता इ दोस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! तिकडे शतकानुशतकं हेच चाललंय. अडचण पुढे येते. लाख-कोटी नाहीत. एक लाख म्हणजे 'सिएन मिल', दहा लाख म्हणजे 'उन मियोन', शंभर कोटी म्हणजे 'मिल मियोनेस'. 'बियोन' ऐकून इंग्रजीतला बिलियन समजू नका, तो लाख कोटी असतो.

घड्याळ ऐकून माझ्या वर्गातले आजोबा खूश झाले होते. पावणेदोन म्हणजे 'लास दोस मेनोस क्वार्तो', दोनला पाव कमी. आपला 'पाऊण'ही मुळात पाव उणा असाच. सव्वादोन 'लास दोस इ क्वार्तो'. साडेतीन 'लास त्रेस इ मेदिया'. दीड आणि अडीचला मात्र वेगळे शब्द नाहीत, सरळ साडेएक आणि साडेदोन म्हणायचं.

स्पेनची स्पॅनिश शिकू की मेक्सिकोची?

जी शिकवणारी व्यक्ती मिळेल तिची. व्याकरण जवळपास एकच आहे. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी झेड-चा आणि ए-इ-च्या आधी येणाऱ्या सी-चा उच्चार जीभ दातांत धरून करतात, लॅटिन अमेरिकेत साधा स. शब्द बदलतात: बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', तिकडे 'पापा'. फळांचा रस 'सुमो' किंवा 'खुगो'. कॉम्प्युटर 'ओर्देनादोर' किंवा 'कोम्पुतादोरा'. पुण्या-मुंबईच्या आयटीतली बरीच मंडळी अमेरिका आणि मेक्सिकोच्या लोकांशी बोलण्यासाठी शिकतात, त्यांना मेक्सिकोचे शब्द सोयीचे. एक इशारा: 'कोखेर' म्हणजे स्पेनमध्ये घेणे, पकडणे. बस कोखेर करतात. हेच मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात म्हणालात तर ती शिवी आहे.

गोव्याच्या पोर्तुगीज शब्दांचा काही उपयोग?

पोर्तुगीज स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात चारशे वर्षं नांदताहेत. साबण स्पॅनिशमध्ये 'खाबोन', चावी 'याबे', पाव 'पान', तंबाखू 'ताबाको'. पगाराशी नातं असलेलं 'पागार' म्हणजे पैसे देणे. हापूस ज्या अफोन्सूवरून आला तो स्पॅनिशमध्ये आल्फोन्सो. पण भरवशावर राहू नका. अननस त्यांच्याकडे बहुतेक ठिकाणी 'पिञा', आणि 'बाताता' मागितलात तर रताळं हातात येईल.

आणखी ओळखीचे शब्द आहेत का?

आहेत, आणि ते लांबचा फेरा मारून गेलेत. इ.स. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. संस्कृतातले काही शब्द फारसीतून अरबीत आणि अरबीतून तिथे पोचले. शर्करा झाली 'आसुकार'. नारिंग झालं 'नारांखा'. चतुरंगाचं शतरंज आणि त्याचं 'आखेद्रेस', म्हणजे बुद्धिबळ. दिवाणाचा झाला 'आदुआना', विमानतळावरचं कस्टम्स. कमीज आणि 'कामिसा' हेही नातेवाईक, पण त्यांचा फेरा उलटा: मूळ शब्द लॅटिन, तो अरबीत गेला. चिंच 'तामारिंदो', अरबीत 'हिंदी खजूर'. आणि आपण ज्याला फलाणा म्हणतो तो माणूस स्पॅनिशमध्येही 'फुलानो' आहे. तिकडचे अमुक-तमुक म्हणजे फुलानो, मेंगानो इ सुतानो.

त्यांना दोन आडनावं का असतात?

पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केसमध्ये गार्सिया वडिलांचं आणि मार्केस आईचं. लायब्ररीत तो 'ग'खाली शोधायचा. स्पेनमध्ये २०१७ पासून कुठलं आधी लावायचं ते आईवडील ठरवतात.

आपली गंमत अशी की आपली नावंही तीन पदरी, पण पदर वेगळे. सचिन रमेश तेंडुलकर हे नाव तिथल्या कारकुनासमोर ठेवा. तो रमेश हे वडिलांचं आडनाव आणि तेंडुलकर आईचं समजून 'सेञोर रमेश' अशी हाक मारेल. फॉर्मवर 'नोम्ब्रेस'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, 'आपेयीदोस'मध्ये फक्त आडनाव लिहा, आणि पासपोर्टशी ताडून बघा.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

'सोय बेखेतारिआना' एवढ्याने भागत नाही. स्पेनमध्ये सॅलडवर टुना पसरलेला येतो आणि हॅम तर कशातही सापडतं. नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन खामोन. म्हणजे मटण, चिकन, मासे, हॅम यांशिवाय. अंडं नको असेल तर 'सिन उएबो', आणि हे महत्त्वाचं, कारण स्पेनमध्ये 'तोर्तिया' म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. मेक्सिकोत तोर्तिया म्हणजे मक्याची छोटी भाकरी, पोटभर खा. तो मका पारंपरिक पद्धतीत चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात; तोच चुना, जो आपण विड्याला लावतो. घेवड्याची उसळ, म्हणजे 'फ्रिखोलेस', पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. विचारा: येबा मान्तेका? अर्जेंटिनात मात्र मान्तेका म्हणजे लोणी, तिथे हा प्रश्न वाया जाईल.

ते खरंच दुपारी झोपतात?

स्पेनमध्ये लहान दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि पाचच्या सुमारास उघडतात. याचा अर्थ सगळे झोपलेले असतात असा नाही. पुणेकरांना याहून जास्त समजवायची गरज नसावी. जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर.

परीक्षा कुठली द्यावी, आणि किती दिवस लागतात?

जगभर चालते ती डेले, इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या भाषासंस्थेची. पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत, आणि प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. ए-१ मध्ये वाचन ४५ मिनिटं, ऐकणं २५, लेखन २५ आणि तोंडी साधारण १०. वाचन-लेखन मिळून एक गट, ऐकणं-बोलणं मिळून दुसरा. दोन्हींत ५० पैकी ३० हवेत. सिएले ही दुसरी परीक्षा कॉम्प्युटरवर होते, तिची मुदत मर्यादित. सेर्वान्तेसचं केंद्र दिल्लीत आहे. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे, तिथले वर्ग जुने आणि भरवशाचे.

रोज पाऊण तास दिला तर माझे बहुतेक विद्यार्थी चार-पाच महिन्यांत ए-१ला तयार होतात. रविवारी एकदम पाच तास बसणारे होत नाहीत. मोबाइलवरची ॲपं शब्दांना बरी, पण तोंड उघडायला लावत नाहीत. त्यापेक्षा आंघोळ करताना 'मी पाणी घेतलं, साबण लावला' असं मोठ्याने स्पॅनिशमध्ये बोला.

अगदी पहिल्या दिवशी कुठली वाक्यं शिकू?

तीन. 'नो एन्तिएन्दो': मला कळलं नाही. 'मास देस्पासिओ, पोर फाबोर': जरा हळू बोला. 'कोमो से दिसे...?': याला काय म्हणतात? आणि स्वतःची ओळख करून देताना 'सोय दे ला इंदिआ' म्हणा. 'इंदिओ' म्हणू नका, तो शब्द तिथल्या मूळ रहिवाशांसाठी आहे आणि अनेक ठिकाणी तुच्छतेने वापरतात. कुणी तुम्हाला 'इंदू' म्हणालं तर त्यांना बहुधा धर्म नाही, देश म्हणायचाय.

मेक्सिकन पाहुणे घरी येणार आहेत. काही जपायला हवं?

पाहुणे पुरुषांशी हस्तांदोलन करतील, बायकांच्या गालाला एकदा गाल लावतील; दचकू नका. मीरा नावाची मुलगी घरात असेल तर ती दिवसभर 'काय?' विचारत राहील, कारण 'मिरा' म्हणजे 'हे बघ' आणि तो शब्द त्यांच्या तोंडी सतत असतो. राहिला प्रश्न काकांचा. स्पॅनिशमध्ये 'काका' हा लहान मुलांच्या भाषेत शीचा शब्द आहे. आमच्याकडे माझ्या पुतणीने जिन्यातूनच 'काका आले, काका आले!' अशी आरोळी ठोकली, तेव्हा पाहुण्याबाई घाईघाईने उठून तिला बाथरूमचं दार दाखवायला लागल्या.